पुण्यातल्या एका बालगृहाचा दिवाळी स्वयंसेवक उपक्रम: नाव नोंदवण्याआधी वाचा

लक्ष्मीपूजनापर्यंत बालगृहाच्या कोठीत लाडवांचे डबे ठेवायला जागा उरत नाही आणि भाऊबीज झाली की फाटकाशी कुणी फिरकत नाही. पुण्यातल्या या मुलांच्या बालगृहाने ते ओळखलंय. इथे स्वयंसेवकाने धनत्रयोदशीपासून भाऊबीजेपर्यंत यायचंच, शिवाय पुढचे ३ दिवसही द्यायचे. जमत नसेल तर नाव घेत नाहीत. ही अट जाचक वाटते, पण या उपक्रमाचं खरं मोल तिच्यातच आहे. आई, मामा, आजी असलेली मुलं बाल कल्याण समितीच्या, म्हणजे अशा मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या सरकारी समितीच्या, परवानगीने सुट्टीवर घरी जातात. ज्यांना न्यायला कुणी येत नाही ती मागे राहतात, आणि शेजारची रिकामी कॉट त्यांना रोज दिसत असते.

प्रवेशासाठी ओळखपत्राची प्रत आणि पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला लागतो. दाखल्याला वेळ लागतो, म्हणून अर्ज गणपतीनंतर लगेच करावा. आधी २ तासांचं प्रशिक्षण असतं आणि ते चांगलं आहे. मुलासोबत बंद खोलीत एकट्याने थांबायचं नाही. फोन कार्यालयात जमा करायचा. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार मुलाची ओळख उघड केल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद, २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, तेव्हा स्टेटसला फोटो टाकायचा प्रश्नच येत नाही. 'घरी कोण कोण असतं?' हा आपल्याकडचा पहिला प्रश्न इथे विचारायचा नाही. अभ्यंगस्नानाच्या वेळी स्वयंसेवकांना बोलावत नाहीत, ९ नंतर या म्हणतात. तेल-उटणं लावायला रोजचं ओळखीचं माणूसच हवं, अनोळखी हाताने काही मुलं दचकतात.

सगळ्यात जमलेली गोष्ट म्हणजे किल्ला. अंगणात साधारण ६ बाय ४ फुटांची जागा, विटा, दगड, गोणपाट आणि चाळलेली लाल माती. विटांचा डोंगर रचून त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट टाकतात, वर मातीचा हात फिरवतात आणि उतारावर अळीव पेरतात. अळीव २-३ दिवसांत फुटतं, म्हणून पेरणी पहिल्याच दिवशी, धनत्रयोदशीला उरकलेली बरी. चिखल पातळ झाला तर गोणपाट घसरतं आणि बुरूज बसतो. दोष एकच, उत्साही दादा-ताई स्वतःच बांधत सुटतात. मोठ्यांनी विटा उचलून द्याव्यात, बाकी हात मुलांचे. समोरासमोर बसवलं की गप्प होणारं मूल शेजारी बसून चिखल थापता थापता आपणहून बोलायला लागतं. मावळे मोजून मुलांपेक्षा जास्तच आणा. महाराजांची मूर्ती मात्र एकच असते. सिंहासनावर ती कोण ठेवणार यावरून रडारड होते, तेव्हा चिठ्ठी आधीच काढून ठेवावी.

फराळही कामाची विभागणी करून होतो. ५ किलो पातळ पोह्यांचा चिवडा, करंज्या आणि शंकरपाळे. पोहे उन्हात वाळवणं, करंजी भरणं, कातणं फिरवणं मुलांकडे. कढई आणि तेल स्वयंपाकाच्या मावशींकडे, तिथे मुलांना बंदी. सारण चमचाभरच घालायला आणि कडेला दूध लावून दाबायला शिकवा, नाहीतर करंजी तेलात फुटते. चिवडा गरम असताना डब्यात भरला की वाफ धरून सादळतो, हे दरवर्षी होतं. घाई करू नका.

आता उणं. भाऊबीजेला बाहेरच्या पाहुण्या येतात, मुलांना रांगेत बसवून तासाभरात ओवाळून, भेटवस्तू देऊन निघून जातात. 'ताई परत कधी येणार?' याचं उत्तर पुढे गृहमातेला द्यावं लागतं. ओवाळणी गृहमाता आणि मावशींनीच करावी. त्या वर्षभर तिथे असतात. प्रशिक्षणात निरोप कसा घ्यायचा हे शिकवतच नाहीत, ही मोठी उणीव आहे. 'लवकर येईन' म्हणू नका. येण्याचा दिवस ठरला असेल तर तोच सांगा, नसेल तर 'रविवारी माझा शेवटचा दिवस' हे आदल्या दिवशीच सांगून टाका.

दुसरी उणीव १६-१७ वर्षांच्या मुलांची. किल्ला आणि कंदील त्यांना लहान पोरांचं काम वाटतं. त्यांच्या मनात १८ पूर्ण झाल्यावर कुठे जायचं हे असतं. अनुरक्षण गृहात, म्हणजे संस्थेतून बाहेर पडलेल्या १८ वर्षांपुढच्या मुलांच्या निवासात, २१ पर्यंत सोय होऊ शकते, पण जवळ बसून ते समजावणारं माणूस दिवाळीच्या गडबडीत सापडत नाही. या मुलांच्या हाती ठरावीक रक्कम देऊन मंडई-तुळशीबागेतली खरेदी सोपवावी, पावत्या आणि हिशेबासकट.

कपडे आणि मिठाई नेऊ नका, दोन्ही मुबलक येतात. द्यायचंच असेल तर चप्पल-बुटांची मापं आधी मागून घ्या. मोठ्या आवाजाचे फटाके अजिबात नकोत.

किल्ला शेवटच्या दिवशी मोडतात. तो स्वयंसेवकांनी परस्पर मोडू नये. मावळे धुऊन, पुसून, मोजून खोक्यात भरायचं काम मुलांकडेच द्या आणि ज्याला एखादा स्वतःकडे ठेवायचा असेल त्याला ठेवू द्या.