ई-ग्रामस्वराज आणि मेरी पंचायत: गावाचा कारभारी कोण, हे मोबाइलवर किती दिसतं?

आमच्या गावच्या ग्रुपवर रोज एक तरी फॉरवर्ड येतो. तेरा घराणी सगळं जग चालवतात. अमेरिकेतलं हार्प नावाचं यंत्र मराठवाड्याचे ढग पळवतं. विमानं फिरवून पाऊस अडवतात. पारावर बसलेली चांगली जाणती माणसंही हे मान डोलावून ऐकतात.

हार्प हे अलास्कातल्या गाकोना इथलं संशोधन केंद्र आहे आणि २०१५ पासून ते तिथल्या विद्यापीठाकडे आहे. त्याच्या लहरी आयनोस्फियरचा, म्हणजे वातावरणाच्या फार वरच्या थराचा, अभ्यास करायला सोडतात. तो थर जमिनीपासून साधारण ८० किलोमीटरच्या वर सुरू होतो आणि आपले पावसाचे ढग त्याच्या कितीतरी खाली, १५-१६ किलोमीटरच्या आत असतात. विमानांचं म्हणाल, तर २०१५ आणि २०१९ मध्ये औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, जी उडाली ती सरकारनं कृत्रिम पाऊस पाडायला उडवली होती. हे मी ग्रुपवर लिहिलं. एक-दोघांनी वाचलं, बाकीच्यांनी पुढचा फॉरवर्ड टाकला.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यातली, बचत गटांचं काम करते. घरोघरी जाते, म्हणून एक गोष्ट नीट दिसते. आपल्या दारापुढचा रस्ता कोणी मंजूर केला, पैसे किती आले, कोणाच्या सहीनं गेले, हे ज्याला कोणीच सांगत नाही, त्याला सगळं जगच कोणीतरी लपून चालवतंय असं वाटणार. त्याला हसून काय उपयोग? त्याच्या हातात खरा कागद द्यायला पाहिजे. तो कागद फुकट मिळण्याची सोय आहे, आणि तिच्याबद्दल आमच्याकडं फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून हे लिहिते.

ई-ग्रामस्वराज ही केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयाची वेबसाइट. २४ एप्रिल २०२० ला सुरू झाली. मेरी पंचायत हे त्यातलीच माहिती दाखवणारं मोबाइल ॲप. राज्य, जिल्हा, तालुका, गाव निवडत गेलं की आपल्या ग्रामपंचायतीचा आराखडा, म्हणजे वर्षात करायच्या कामांची यादी, दिसतो, जमा-खर्च दिसतो, व्हाउचर, म्हणजे कोणाला किती पैसे दिले त्याच्या नोंदी, दिसतात. पंधराव्या वित्त आयोगाचा, म्हणजे मार्च २०२६ पर्यंतच्या काळात केंद्राकडून पंचायतींना ठरलेला, पैसा इथं बघायचा. महाराष्ट्रात त्यातला ८० टक्के वाटा ग्रामपंचायतीला, १० टक्के पंचायत समितीला आणि १० टक्के जिल्हा परिषदेला असा ठरला. त्यातही ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा. उरलेला ४० टक्के अबंधित. गावातली सगळी ओढाताण या ४० टक्क्यांवर चालते.

ॲप मोबाइलवर बरं चालतं, पण वेबसाइटचे तक्ते रुंद आहेत. ते सेवा केंद्रातल्या संगणकावरच उघडा आणि प्रिंट काढून घ्या. कामांची नावं भरणाऱ्यानं जशी टाइप केली तशीच असतात, त्यामुळं ‘अमक्याच्या घरापासून तमक्याच्या घरापर्यंत’ हे शब्द धीरानं वाचायला लागतात. वाचा मात्र. सगळी मेख तिथंच असते.

आमच्या गावचंच सांगते. वस्तीवर जाणारा सीसी, म्हणजे सिमेंट काँक्रीटचा, रोड शाळेपाशी थांबला. वस्तीतल्या बाया पावसाळ्यात चिखलातून पाणी आणत होत्या. ग्रुपवर लगेच सुरू झालं की आमदारानं पैसे वळवले, वरून दाबलं, मुंबईतून फोन आला. आम्ही आराखडा काढून बघितला. कामाच्या नावातच ‘मारुती मंदिर ते शाळा’ असं लिहिलेलं होतं. वस्तीचा तुकडा मंजूरच नव्हता. त्याच आराखड्यात हायमास्ट, म्हणजे उंच खांबावरचा, दिवा होता, त्याचं बिल निघालेलं, व्हाउचरवर तारीख, रक्कम आणि कंत्राटदाराचं नाव. मग ठराव कधीचा हे शोधलं, तर तो तहकूब ग्रामसभेतला निघाला. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांत जो आकडा कमी असेल तेवढी माणसं लागतात. तेवढी जमली नाहीत की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही. त्या सभेला बसलेल्या मोजक्या माणसांनी सह्या केल्या आणि वस्तीचा रस्ता गेला. त्यात मुंबईचा काही हात नव्हता. सह्या करणारी माणसं आम्हाला रोज रामराम घालणारी आहेत.

हे कळल्यावर वस्तीतल्या बायांचा चेहरा बदलला. आमदारापुढं आपण काय करणार, असं ज्या म्हणत होत्या, त्याच विचारायला लागल्या की पुढची सभा कधी आहे. या सोयीचं मोल मी त्यावरून करते.

आता जे यात दिसत नाही, ते. वित्त आयोगाचे पैसे आता चेकनं जात नाहीत. ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि सरपंच, दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. त्या सहीचं साधन म्हणजे पेनड्राइव्हसारखं डोंगल आणि त्याचा पासवर्ड. पडद्यावर सरपंच म्हणून बाईचं नाव येतं. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतीत निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत, ही मोठीच गोष्ट झाली. पण डोंगल कोणाच्या खिशात? मी ज्या गावांत जाते तिथं किती तरी ठिकाणी ते सरपंचताईंच्या मालकाकडं असतं, कुठं दिराकडं, कुठं कार्यालयाच्या कपाटात. एका ताईंना मी विचारलं तर म्हणाल्या, “ताई, मी ते अजून हातात घेऊन बघितलं नाही.” त्यांच्या नावानं बिलं निघत होती. ज्याला लोक ‘पडद्यामागची सत्ता’ म्हणतात, ती एवढ्याशा डोंगलमध्ये मावते, आणि तिच्याबद्दल एकही फॉरवर्ड येत नाही. केंद्रानं २०२३ मध्ये सरपंचपतींच्या प्रश्नावर समिती नेमली होती, म्हणजे ही गोष्ट दिल्लीपर्यंत माहीत आहे. सरपंचताईंनो, तुमचं डोंगल तुमच्या पर्समध्ये ठेवा आणि पासवर्ड बदलून घ्या. संगणक येत नसेल तर आम्ही शिकवतो. आमच्या गटातल्या साठीच्या मावशी आता स्वतः व्हाउचर उघडतात.

कामाची मोजमाप पुस्तिका, जिला सगळे एमबी म्हणतात, तीही यात दिसत नाही. रस्ता किती जाड टाकला ते त्या पुस्तिकेतच कळतं. त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपये शुल्क, एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा. जन माहिती अधिकाऱ्यानं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर पहिलं अपील करता येतं.

जिल्हा परिषदेचं वेगळं. धाराशिवसह राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणुका लांबत गेल्या. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्या घ्यायचे आदेश द्यावे लागले. तोवर तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकांच्या सहीनं कारभार चालला. जिल्हा परिषदेच्या गटात, म्हणजे मतदारसंघात, निवडून आलेला माणूसच नव्हता, तर वस्तीतल्या बाईनं जिल्ह्याच्या रस्त्याबद्दल विचारायचं कोणाला? सत्ता लोकांच्या हातातून गेली होती ती अशी, उघड, पेपरात छापून. त्यावर पारावर कोणी आवाज चढवलेला मी ऐकला नाही. याचं मला खरंच वाईट वाटतं.

वापरायचं कसं? ग्रामसभेच्या आठ दिवस आधी चालू वर्षाचा आराखडा आणि मागच्या वर्षाची व्हाउचर काढा. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असा नियम आहे, तिथं ती मोठ्यानं वाचा. वाचताना प्रत्येक कामाचं नाव, कुठून कुठपर्यंत, हे थांबून वाचा, कारण ऐकणारीला आपलं घर त्यात आहे की नाही ते लगेच कळतं. मग मागणी लेखी द्या आणि पोच घ्या. आणि सभेला एवढ्या जणी जा की ती तहकूब होणार नाही.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन तारे. एमबीचे फोटो आणि पैसे सोडताना सरपंच स्वतः हजर असल्याची खात्री, या दोन गोष्टी आल्या तर पाच देईन. वस्तीच्या रस्त्याची मागणी आम्ही लेखी दिली आहे, नवीन आराखडा वर चढला की कामाचं नाव काय टाकलंय ते इथंच लिहीन.