सातारा-देवळाई की सिडको: लहान मुलांसह संभाजीनगरला येणाऱ्यांसाठी

शेंद्रा किंवा चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत नोकरी मिळून छत्रपती संभाजीनगरला येणाऱ्या आणि घरात लहान मुले असणाऱ्या कुटुंबाची घराची चर्चा बहुतेक वेळा दोन नावांवर येऊन थांबते. एक म्हणजे बीड बायपासच्या दक्षिणेला डोंगराच्या पायथ्याशी पसरलेला सातारा-देवळाई परिसर, आणि दुसरे म्हणजे मुख्यतः जालना रोडच्या उत्तरेला जुन्या आखणीत वसलेले सिडको-हडको. आम्ही २०२१ च्या दिवाळीनंतर लातूरहून येथे आलो, तेव्हा मुलगी सहा वर्षांची आणि मुलगा दीड वर्षाचा होता. पहिले सोळा महिने या सातारा परिसरात काढले आणि तेव्हापासून सिडकोत एन-८ सेक्टरमध्ये राहत आहोत. दोन्ही ठिकाणी संसार मांडून पाहिला असल्यामुळे जे लिहीत आहे ते अनुभवावर आधारलेले आहे. आपली गल्ली, आपली इमारत वेगळी असेल तर अनुभवही थोडा वेगळा येईल, हे मान्य करूनच ते वाचावे.

ज्यांची नोकरी वाळूज औद्योगिक वसाहतीत आहे त्यांनी या तुलनेत फारसे पडू नये. तेथल्या बजाजनगरात वसाहतीची स्वतंत्र पाणीव्यवस्था आहे, कारखाना जवळ आहे, आणि मुलांच्या शाळाही त्याच परिसरात मिळतात. वाळूजमध्ये राहून शेंद्र्याला रोज जाणे मात्र शहर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओलांडण्यासारखे आहे, म्हणून आम्ही तो विचार पहिल्याच आठवड्यात सोडला. हर्सूल आणि मयूर पार्कचा भागही पाहिला. तिकडची घरे वाईट नव्हती, पण आमच्या कामाच्या दिशेला तो भाग सोयीचा ठरला नाही.

साताऱ्याच्या बाजूने जे बोलायचे ते मी मनापासून बोलतो. ज्या मासिक भाड्यात सिडकोत दोन खोल्या आणि चिंचोळे स्वयंपाकघर मिळत होते, त्यात तेथे तिसऱ्या मजल्यावर हवेशीर टूबीएचके, लिफ्ट, गाडीला हक्काची जागा आणि डोंगराकडे उघडणारी गॅलरी मिळाली. पावसाळ्यात तो डोंगर हिरवा होतो तेव्हा सकाळी गॅलरीत चहा घेताना दिवसाची सुरुवातच वेगळी होते. खंडोबाच्या मंदिरापर्यंत चालत जाऊन परत येणे हा आमच्या कुटुंबाचा रविवारचा नेम होता. त्याहूनही मोठी गोष्ट म्हणजे शेजार. इमारतीतल्या सोळा घरांपैकी अकरा घरांत दहा वर्षांखालची मुले होती, कारण नव्या इमारतीत राहायला येणारी बहुतेक कुटुंबे आमच्यासारखीच नुकती स्थिरावणारी असतात. नवे गाव आणि नवी शाळा या दोन्हींनी बावरलेली आमची मुलगी तिसऱ्या दिवशी खालच्या मोकळ्या प्लॉटवर लंगडी खेळत होती, आणि तिच्या जेवणाची वेळ झाली की कोणत्या घराची बेल वाजवायची हे तिच्या आईला ठाऊक झाले होते. लहान मूल घेऊन स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाला याची किंमत पैशांत सांगता येणार नाही. सिडकोत आम्हाला हे सहज मिळाले नाही. आमच्या गल्लीतली अनेक घरे मूळ मालकांचीच आहेत. ते आता सत्तरीत आहेत, त्यांची मुले पुण्याला किंवा त्याहून दूर गेली आहेत, आणि मुलीला बरोबरीची मैत्रीण शोधायला दोन गल्ल्या पलीकडे जावे लागले.

रस्त्याविषयी थोडक्यात सांगतो. बीड बायपासची पूर्वीची भीती आता तितकी राहिलेली नाही. सोलापूर-धुळे महामार्ग शहराबाहेरून गेल्यापासून जड वाहनांचा बराच भार तिकडे वळला आहे, आणि बायपासही रुंद व काँक्रीटचा झाला असून त्यावर उड्डाणपूल आले आहेत. तरीही दप्तर पाठीला लावलेले मूल घेऊन तो रस्ता पायी ओलांडण्याची वेळ येत असेल, तर घर ठरवण्यापूर्वी शाळेच्या वेळेला तेथे एकदा उभे राहून पाहावे. शहराकडे जाताना मध्ये लोहमार्ग येतो. आम्ही होतो तेव्हा शिवाजीनगरच्या रेल्वे फाटकावर बराच वेळ जात असे. भुयारी मार्गाचे काम त्यानंतर हाती घेतले गेले. शेंद्र्याला जाण्यासाठी मात्र बायपासवरून झाल्टा फाट्याकडून निघता येत असल्यामुळे माझा स्वतःचा वेळ दोन्ही घरांपासून जवळजवळ सारखाच लागला, आणि प्रवास हा आमच्यासाठी निर्णायक मुद्दा ठरला नाही.

निर्णायक ठरले ते पाणी. अधिक नेमके सांगायचे तर, पाणी नक्की केव्हा येणार हे ठाऊक नसणे.

मी लातूरचा आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून आमच्या शहराला पाणी आले, तेव्हा घागरी आणि कॅन घेऊन रांगेत उभा राहिलेलो आहे. त्यामुळे पाण्याची टंचाई आपल्याला नवी नाही, असे मानूनच आम्ही साताऱ्यातले घर घेतले. हा परिसर आधी ग्रामपंचायतीत, मग काही काळ नगरपरिषदेत आणि त्यानंतर महापालिकेत आला. सिडकोत नळाचे जाळे सुरुवातीपासून होते, पण साताऱ्यातल्या बहुसंख्य इमारती बोअर आणि टँकरवर उभ्या राहिल्या. आमच्या इमारतीला दोन बोअर होते. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांमध्ये आणि वरच्या मुरमाच्या थरात साठते, त्यामुळे शेजारच्या चार प्लॉटवर चार नवे बोअर पडले की जुन्याचे पाणी उतरते. पहिल्या हिवाळ्यात सगळे ठीक होते. फेब्रुवारीच्या मध्याला एक बोअर अडखळू लागला, होळीनंतर दुसराही तासाभराने हवा ओढू लागला, आणि टँकर सुरू झाले.

टँकरचा खर्च मेंटेनन्सव्यतिरिक्त वेगळा होता आणि उन्हाळ्यात तो डोळ्यांत भरण्याइतका झाला, पण पैशांची तक्रार मी दुय्यम मानतो. खरा त्रास होता तो वाट पाहण्याचा. टँकर सकाळी नऊला येणार असे सेक्रेटरी सांगत आणि तो दुपारी अडीचला येई. कधी रात्री साडेअकराला येई आणि त्याच्या मोटारीच्या आवाजाने मुलगा दचकून उठे. तो आला की कोणीतरी खाली जाऊन हौदाचे झाकण उघडायचे, टँकर भरलेला आहे ना हे पाहायचे, आणि पाणी गढूळ असेल तर तेथेच वाद घालायचा. मी कारखान्यात असल्यामुळे हे काम बहुतेकदा पत्नीवर येई, आणि दीड-दोन वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन तीन मजले खाली उतरणे हा तिच्या दिनक्रमाचा भाग झाला. डॉक्टरांकडे जायचे, मुलीच्या शाळेत पालकसभेला जायचे, माहेरचे कोणी भेटायला यायचे, तर प्रत्येक वेळी आधी टँकरचे विचारावे लागे. त्यात बोअरचे पाणी जड. गीझरच्या आत पांढरा थर साचला, मुलीचे केस राठ झाले, डाळ शिजेना; पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी रोज जार घ्यावा लागला. मे महिन्यातल्या एका दुपारी मुलाला जुलाब होत होते आणि टाकीत पाणी नव्हते. समोरच्या वहिनींनी न विचारता दोन बादल्या आणून ठेवल्या, त्यांच्याकडेही तेवढेच शिल्लक असताना. ते उपकार मी विसरलेलो नाही, पण घर बदलायचे हे त्याच दिवशी मनात पक्के झाले. पुढचे दहा महिने शाळेचे वर्ष संपण्याची वाट पाहण्यात आणि घर शोधण्यात गेले.

सिडकोत पाणी भरपूर आहे, असे कोणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. जायकवाडीचा नाथसागर भरलेला असतानाही या शहराच्या नळाला रोज पाणी येत नाही, कारण अडचण धरणातल्या साठ्याची नसून तेथून पाणी उचलून आणणाऱ्या आणि घरोघरी पोचवणाऱ्या व्यवस्थेची आहे. ७०० आणि १,४०० मिलिमीटर व्यासाच्या जुन्या जलवाहिन्यांवर हे शहर दीर्घकाळ चालले, आणि शहर त्यांच्यापेक्षा कितीतरी वेगाने वाढले. आमच्या नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, उन्हाळ्यात ते अंतर आणखी वाढते, आणि मुख्य वाहिनी फुटली की टप्पा एक-दोन दिवस पुढे जातो. दाब कमी असल्यामुळे काही जण नळाला थेट मोटारी लावतात आणि गल्लीच्या शेवटच्या घरांना त्याचा फटका बसतो. असे असूनही मी सिडकोकडे झुकतो, याचे कारण असे की येथे पाण्याचा दिवस असतो. लाइनमन व्हॉल्व्ह केव्हा फिरवणार हे गल्लीत आदल्या दिवशीच कळते. त्या पहाटे दीड-दोन तास जागे राहून हौद भरून घेतला, गच्चीवरची टाकी भरली, की पुढचे दिवस पाण्याचा विचार मनातून जातो. आमच्या घराचा हौद सुमारे पाच हजार लिटरचा आहे आणि चौघांना तो काटकसरीने पुरतो. जुन्या सिडकोतल्या बहुतेक घरांना असा हौद आहे, कारण येथल्या लोकांनी हा प्रश्न फार पूर्वी ओळखून घरे त्याप्रमाणे जुळवून घेतली आहेत. आणि ते पाणी गोडे आहे. जार आम्ही पहिल्याच महिन्यात बंद केला.

पाण्यापलीकडची सिडकोची सोय आम्हाला राहायला आल्यावर हळूहळू उमगली. मुलांचे डॉक्टर, औषधाचे दुकान, पिठाची गिरणी, भाजी, बँक आणि बोटॅनिकल गार्डन हे सगळे पायी अंतरावर असणे म्हणजे काय, हे ज्या घरात एकच गाडी आहे आणि ती सकाळी सातला कामावर निघून जाते, त्या घरातल्या बाईला विचारावे. मुलाला रात्री ताप चढला तेव्हा साताऱ्यातून बायपास आणि पूल ओलांडून शहरात यावे लागले होते. येथे मी त्याला उचलून दहा मिनिटांत चालत दवाखान्यात पोचलो. त्याउलट घर जुने आहे, पावसाळ्यात एका भिंतीला ओल येते, गाडी रस्त्यावर लावावी लागते आणि त्यावरून शेजाऱ्यांशी बोलाचाली होते. मोठे, उजेडाचे घर ज्यांना हवे आहे त्यांचा येथे जीव गुदमरेल, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही.

विकत घेण्याचा विचार असेल तर दोन्हीकडे कागदपत्रांची गुंतागुंत वेगवेगळी आहे. सिडकोची घरे मुळात भाडेपट्ट्यावर दिलेली असल्यामुळे हस्तांतरणाची कागदपत्रे मूळ लाभार्थ्यापासून सलग आहेत का, हे तपासावे. साताऱ्यात अकृषिक परवानगी असलेला लेआउट आणि गुंठेवारीतला, म्हणजे परवानगीशिवाय जमिनीचे तुकडे पाडून विकलेला, प्लॉट हे अनेकदा शेजारीशेजारी असतात आणि दिसायला सारखेच दिसतात. गुंठेवारी नियमित करण्यासाठीचा २००१ चा कायदा २०२१ मध्ये सुधारून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना लागू करण्यात आला, म्हणून विक्रेत्याने केवळ ‘नियमित होईल’ असे सांगितल्यास नियमित झाल्याचा कागद मागावा.

नव्या पाणीपुरवठा योजनेमुळे हे चित्र बदलेल का, असे मला अनेक जण विचारतात. जायकवाडीहून २,५०० मिलिमीटर व्यासाची नवी वाहिनी हा तिचा गाभा आहे. २०२० च्या डिसेंबरमध्ये भूमिपूजन झाले तेव्हा ती १,६८० कोटी रुपयांची होती आणि पुढे खर्च २,७४० कोटींपर्यंत गेला. साताऱ्यातल्या घराघरांत नळाचे पाणी नियमित पोचले, तर माझ्या या तुलनेतला तराजू बराचसा तिकडे झुकेल, आणि तसे व्हावे अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण आमच्या त्या इमारतीत अजून चांगली माणसे राहतात. मात्र भाडेकरार अकरा महिन्यांचा असतो आणि त्यातला एक उन्हाळा चुकत नाही, म्हणून घर घेताना योजनेचा नकाशा न पाहता त्या इमारतीच्या हौदाचे झाकण उघडून पाहावे.

ज्यांच्या घरी आजी-आजोबा दिवसभर असतात, किंवा ज्या इमारतीला चालू नळजोडणी असल्याचे स्वतः पाहिले आहे, त्यांनी साताऱ्याचा विचार जरूर करावा. मुलांच्या सोबतीसाठी तो भाग आजही मला सिडकोपेक्षा सरस वाटतो. शक्य असेल तर घर एप्रिल-मे महिन्यात पाहावे. दलाल सोबत नसताना वॉचमनला किंवा तळमजल्यावरच्या बाईंना विचारावे की मागच्या उन्हाळ्यात आठवड्याला किती टँकर लागले, ते किती वाजता आले, आणि ते उतरवून घ्यायला खाली कोण थांबत होते.