नॅनो तंत्रज्ञान शाळेत आणताना : धड्यांत पेरावं की कार्यशाळा घ्यावी?

सातवी ते नववीच्या मुलांना नॅनो तंत्रज्ञानाची, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या तंत्राची, ओळख करून द्यायचं सोलापुरातल्या एखाद्या शाळेने ठरवलं, तर तिच्यापुढे दोन सरळ रस्ते असतात. चालू धड्यांतच विषय पेरत जायचा, किंवा एखाद्या महाविद्यालयाच्या मदतीने दिवसभराची कार्यशाळा घ्यायची. माझं मत आधीच सांगते. पैसे आणि तासिका मोजक्या असतील तर आधी धडे, मग कार्यशाळा. क्रम उलटा लावला तर मुलं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीची चित्रं बघून थक्क होतात, पण आकाराचा अंदाजच नसल्याने हाती काही लागत नाही. 'नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग' हे वाक्य पाठ होतं आणि तिथेच थांबतं.

धड्यांत पेरायचं तर

सातवीत मापन येतं. मुलांना १० सेंटीमीटरची कागदाची पट्टी द्या आणि दर वेळी निम्मी कापायला सांगा. सातव्या-आठव्या कापाला तुकडा मिलिमीटरच्या आत येतो आणि कात्री हात टेकते. पुढचं वहीत, भागाकाराने. दहाव्या कापाला केसाची जाडी येते, सोळाव्याला जिवाणूचा आकार, विसाव्याला साधारण १०० नॅनोमीटर, म्हणजे करोना विषाणूएवढं. नॅनोची हद्द इथून सुरू होते. सत्ताविसाव्या कापाला आपण एका नॅनोमीटरच्या खाली उतरतो. या तासाला लागतात फक्त कागद, कात्री आणि धीर. माझ्या मते सातवीसाठी एवढं पुरे. वेळ उरलाच तर अळूचं पान आणा. त्यावरून थेंब घरंगळतो, कारण पानावर मेणाचे अतिसूक्ष्म कण असतात. साबणाच्या पाण्याने पान चोळलं की तिथेच पाणी पसरतं. कमळाच्या पानाचंही असंच असतं, पण अळू बाजारात जुडीने मिळतो.

आठवीत द्रावण, निलंबन आणि कलिल (न विरघळलेले अतिसूक्ष्म कण तरंगत असलेलं मिश्रण) शिकवतोच. अंधाऱ्या खोलीत पाण्याच्या पेल्यात दुधाचे दोन थेंब टाकून टॉर्च मारला की प्रकाशाची वाट दिसते, नुसत्या मिठाच्या पाण्यात दिसत नाही. लेझर वापरायची गरज नाही, मुलांच्या डोळ्यांना तो धोका आहे. याच वर्षी गणिताच्या शिक्षकांशी बोलून ऋण घातांकांचा तास जवळ आणता आला तर फार बरं. मग एक हिशोब घाला: एक सेंटीमीटर बाजूच्या घनाचं पृष्ठफळ ६ चौरस सेंटीमीटर. तोच घन एक नॅनोमीटरच्या घनांत कापला, तर सगळ्या तुकड्यांचं मिळून ६,००० चौरस मीटर होतं, म्हणजे जवळजवळ दीड एकर. मंगळवेढ्याकडच्या, माढ्याकडच्या मुलांना एकर सांगावा लागत नाही. पदार्थ तोच असताना बारीक केल्यावर वेगळा का वागतो, याचं निम्मं उत्तर या गुणाकारात आहे.

नववीत मात्र थांबून एक प्रयोग नीट करा, कारण त्यात मुलं स्वतः नॅनोमीटर मोजतात. ओलेइक आम्ल (तेलात असणारं एक मेदाम्ल) अल्कोहोलमध्ये ४०० पट विरळ करायचं: १ मिलिलिटरमध्ये १९ मिलिलिटर अल्कोहोल, आणि त्यातल्या १ मिलिलिटरमध्ये पुन्हा १९. जवळपास ज्योत नको. परातीत पाणी, वर टाल्कम पावडरची विरळ भुरभुर, आणि मध्यभागी या द्रावणाचा एकच थेंब. आम्लाचा पातळ थर पसरतो, पावडर बाजूला सरते आणि मोकळं वर्तुळ उमटतं. १ मिलिलिटरमध्ये किती थेंब बसतात ते आधी मोजून ठेवलेलं असतं, त्यावरून थेंबातल्या आम्लाचं आकारमान निघतं. त्याला वर्तुळाच्या क्षेत्रफळाने भागलं की थराची जाडी हाती येते, दोन नॅनोमीटरच्या आसपास. एक आली किंवा तीन आली तरी चालेल, मापाचा टप्पा नॅनोमीटरचाच असतो. बेंजामिन फ्रँकलिनने अठराव्या शतकात लंडनजवळच्या तळ्यावर चमचाभर तेल ओतलं, तेव्हा सुमारे अर्धा एकर पाणी शांत झालं होतं. जाडीचा भागाकार त्याने केला नाही. आपली नववीची मुलं तो करू शकतात आणि हे त्यांना आवर्जून सांगावं.

त्याच वर्षी कार्बनच्या धड्यात फुलरीन, म्हणजे कार्बनच्या अणूंचा पोकळ चेंडूसारखा रेणू, येतं. १९८५ साली त्याचा शोध लागला आणि १९९६ साली क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांना नोबेल मिळालं.

या रस्त्याचा कच्चा दुवा एकच, शिक्षक. विज्ञानाचे शिक्षक बदलले की पेरलेलं सगळं जातं. म्हणून प्रत्येक प्रयोगाचं एक पान लिहून प्रयोगशाळेत ठेवा.

कार्यशाळा घ्यायची तर

कार्यशाळेतून शाळेला न मिळणारी एकच गोष्ट मिळते, ती म्हणजे उपकरणं आणि ती रोज वापरणारा माणूस. केगावला विद्यापीठ आहे, शहरात अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. ठरवण्याआधी फोनवर तीन गोष्टी विचारा: कोणतं उपकरण सध्या चालू आहे, मुलं ते किती जवळून बघतील आणि एका वेळी किती जण आत जातील. उत्तर 'सभागृहात सादरीकरण' असं आलं, तर बसभाडं वाचवा.

चांदीचे नॅनोकण बनवण्याचा प्रयोग अशा कार्यशाळांत हमखास दाखवतात. सिल्व्हर नायट्रेटमध्ये एखाद्या पानाचा अर्क घातला की रंग पिवळा-तपकिरी होतो. दिसायला छान, पण रंग बदलला एवढ्यावरून कणांचा आकार सिद्ध होत नाही, त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीसारखं उपकरण लागतं. सिल्व्हर नायट्रेटचे डाग पडतात, डोळ्यांना ते घातक आहे आणि उरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतायचं नसतं. हा प्रयोग शाळेत करू नये, सातवीत तर नकोच. नववीला महाविद्यालयात, चष्मे आणि हातमोजे घालून, ठीक.

पैसे एकाच कार्यशाळेपुरते असतील तर पहिल्या वर्षी ती शिक्षकांसाठी घ्या, मुलांसाठी पुढच्या वर्षी. हे मुख्याध्यापकांना पटवणं अवघड जातं, कारण फोटोत मुलं दिसत नाहीत. पण शंका फिटलेले दोन शिक्षक पुढची अनेक वर्षं शिकवतात.

तयार किटबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. चुंबकाला प्रतिसाद देणारा फेरोफ्लुइड हा द्रव मुलांना आवडतो, पण तो बघण्यापुरता आहे, मोजण्यासारखं त्यात काही नाही. शाळेत अटल टिंकरिंग लॅब (केंद्र सरकारच्या योजनेतली प्रयोगशाळा) असेल तर तिथला भर इलेक्ट्रॉनिक्स आणि थ्रीडी प्रिंटिंगवर असतो, नॅनोसाठी तिच्यावर विसंबू नका.

नॅनो युरियाचा तास

रस्ता कोणताही निवडा, नववीला हा एक तास ठेवाच. घरोघरी शेती असलेल्या जिल्ह्यात नॅनो युरियाची बाटली मुलांनी पाहिलेली असते. २०२१ साली ती बाजारात आली तेव्हा ५०० मिलिलिटरची बाटली साध्या युरियाच्या ४५ किलोच्या गोणीची जागा घेते, असा दावा होता. तेव्हाच्या त्या बाटलीत नत्र ४ टक्के होतं, म्हणजे २० ग्रॅम. गोणीत ४६ टक्के, म्हणजे २०.७ किलो. फरक हजारपटीचा. पानांवर फवारल्याने नत्र वाया जात नाही, असं समर्थक म्हणतात. सगळंच्या सगळं शोषलं गेलं तरी २० ग्रॅम पिकाला कसे पुरतील, असं टीकाकार विचारतात. कृषिशास्त्रज्ञांत यावर मतभेद आहेत, म्हणून निकाल शिक्षकांनी देऊ नये. हिशोब मुलांकडून करून घ्यावा आणि दावा तपासायला शेतात काय काय मोजावं लागेल, याची यादी त्यांच्याकडूनच काढून घ्यावी.

कार्यशाळेसाठी महाविद्यालयात न्यायची सहल डिसेंबरमध्ये ठेवा. जानेवारीत संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत बस मिळणं कठीण होतं, आणि मार्चनंतर सोलापूरच्या उन्हात मुलांना बाहेर काढू नये.