सोनी एमडीआर-७५०६ : ‘जग’ आणि ‘जग’ यांतला फरक ऐकवणारा हेडफोन

अंध विद्यार्थ्यांसाठी रेकॉर्ड केलेली पुस्तकं साफ करायचं काम मी चार वर्षं करते आहे. वाचक आपापल्या घरी बसून वाचतात आणि फायली मला पाठवतात. खोकला, अडखळणं, दोनदा वाचलेली वाक्यं मी काढून टाकते. या कामात माझे कान म्हणजे हा हेडफोन.

आधी मी एक वायरलेस हेडफोन वापरायचे. त्यात आवाज दाबून, तुकड्यातुकड्यांनी पाठवायचा आणि कानाशी पुन्हा उलगडायचा, यात सेकंदाचा काही अंश जातो. गाणं ऐकताना ते जाणवतही नाही. पण स्क्रीनवरची रेघ शब्द ओलांडून गेलीय आणि कानात तो शब्द आत्ता येतोय, अशा वेळी कापायचं कुठे? कितीतरी शब्दांची शेपटं तुटली. ‘होते’चं नुसतं ‘हो’ उरलं.

मग दोन दिवाळ्यांचे पैसे साठवून हा घेतला. १९९१ पासून हे मॉडेल बाजारात आहे आणि स्टुडिओंमध्ये अजून दिसतं. आतली रचना बहुतेक हेडफोनांसारखीच: विजेचा प्रवाह बारीक तारेच्या वेटोळ्यातून जातो, चुंबकाजवळ ते वेटोळं थरथरतं आणि त्याला जोडलेला पातळ पडदा हवा ढकलतो. वेटोळं आणि पडदा मिळून होणारा हा भाग, म्हणजे ड्रायव्हर, इथे ४० मिलिमीटरचा आहे. रोध, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणारा अडथळा, फक्त ६३ ओहम, त्यामुळे माझ्या जुन्या लॅपटॉपच्या सॉकेटवरही आवाज पुरून उरतो, वेगळा अॅम्प्लिफायर लागत नाही.

याची खरी किंमत मला कळली ती ‘च’ आणि ‘ज’मुळे. जगाच्या नकाशातला ‘ज’ वेगळा, जगण्यातला वेगळा. ‘चहा’चा आणि ‘चूल’चाही तसाच. हा फरक वरच्या पट्टीतल्या बारीक सळसळीत असतो आणि हा हेडफोन नेमकी तीच पट्टी थोडी पुढे काढून ऐकवतो. आवाज साफ करताना खरखर काढायच्या नादात मी ही सळसळही पुसून टाकत होते, हे मला यावरच उमगलं. आमची बरीच मुलं दीडपट, दुप्पट वेगाने ऐकतात. त्या वेगात व्यंजनाची कड बोथट झाली की शब्दच हातातून निसटतो. जुन्या सहा प्रकरणांवर मी पुन्हा हात फिरवला.

‘भ’ आणि ‘फ’वर माइकवर आपटणारी हवा, जिभेचा टक् आवाज, मागच्या पंख्याची घरघर, सगळं ऐकू येतं. एका बाईंच्या फायलीत लांब कुठेतरी कोकिळा ओरडत होती. ती मी राहू दिली.

कान पूर्ण झाकणारा असल्यामुळे स्वतः वाचताना आतला आवाज माइकमध्ये फारसा शिरत नाही. पण हेच एप्रिल-मेमध्ये जड जातं. कानाभोवती घाम येतो आणि पाऊण तासाने काढून ठेवावाच लागतो. वायर जुन्या टेलिफोनसारखी वेटोळ्यांची आहे. ती ताणली जाते, पण हेडफोनपासून सुटी होत नाही. म्हणून ती खुर्चीच्या चाकाखाली येणार नाही याची मी फार काळजी घेते.

निवांत गाणं ऐकायला मात्र हा घेऊ नका. ओळखीच्या एका ध्वनिमुद्रकाकडे मी सेनहायझर एचडी ६०० ऐकलाय. मागून उघडा, ३०० ओहमचा, चांगला अॅम्प्लिफायर मागणारा. त्यावर तानपुरा शेजारी बसून कुणीतरी छेडतंय असं वाटतं. सोनीवर तोच तानपुरा कानाला जरा टोचतो. कीर्तनं, पॉडकास्ट, मुलाखती यांचं संपादन करणाऱ्यांना, घरी डबिंग करणाऱ्यांना मात्र मी हाच सांगेन.

या आठवड्यात अकरावीच्या भूगोलाची दोन प्रकरणं उरलीत. परीक्षेआधी ती मुलांपर्यंत पोचायला हवीत, म्हणून सध्या रोज रात्री नऊला, घर निजलं की, हा माझ्या डोक्यावर असतो.