वाटी उत्तम, लेबल अर्धवट

कोथरूडमधलं हे मातीच्या भांड्यांचं दुकान मला जपानीच्या वर्गातल्या मैत्रिणीनं दाखवलं. महिनाभरात तीनदा जाऊन आले. एक वाटी आणि दोन पेले घेतले, शिवाय रविवारची तीन तासांची कार्यशाळाही केली.

माल अव्वल आहे. वाटीची बैठक नीट घासलेली, लाकडी टेबलावर ओरखडा उठत नाही. तिच्यात रोज आमटी घेते, अजून हळदीचा डाग धरलेला नाही. पेल्यांना कान नाहीत, त्यामुळे उकळता चहा ओतल्याबरोबर उचलता येत नाही, एवढं घेण्याआधी लक्षात घ्या.

कार्यशाळेत तर मी हरखून गेले. अर्धवट वाळलेल्या करड्या मातीवर नक्षी कोरायची, खाचांत पांढरी स्लिप, म्हणजे पातळ कालवलेली माती, भरायची, ती सुकत आली की वरचा थर पात्यानं हलकेच खरवडायचा. खालून पांढरी रेघ वर येते तेव्हा बघतच राहावंसं वाटतं. शिकवणाऱ्या ताई प्रत्येकीपाशी बसतात, कुणाला घाई करत नाहीत.

माझी तक्रार लेबलाबद्दल आहे. त्यावर छापलंय, 'मिशिमा : प्राचीन जपानी कला'. कोरून भरायच्या या पद्धतीचं 'मिशिमा' हे नाव जपानी आहे, कला कोरियाची. सेलाडॉनच्या, म्हणजे करड्या-हिरव्या झिलईच्या, भांड्यांवर अशी भरणी करण्यात कोरियातल्या गोऱ्यो राजवटीच्या काळातले कुंभार 12व्या शतकातच पारंगत होते. जपानच्या चहाविधीतल्या रसिकांना कोरियन भांड्यांचं वेड लागलं ते नंतर. 1592 ते 1598 या काळात जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या फौजा कोरियात घुसल्या आणि परतताना सरदारांनी कुंभारच उचलून जपानच्या क्यूशू बेटावर नेले. तिथल्या आरिता गावच्या पोर्सिलेनचं, म्हणजे चिनी मातीच्या भांड्यांचं, श्रेय जपानी परंपरा स्वतःच यी सामप्योंग या अशाच एका कोरियन कुंभाराला देते.

भिंतीवर मिंगेईची, म्हणजे जपानच्या लोककला चळवळीची, पाटी आहे, तिचा प्रणेता यानागी सोएत्सूच्या नावासकट. तीही जपानपाशीच थांबते. यानागीचं कोरियाशी नातं जुळलं ते 1914 मध्ये कोरियात राहणाऱ्या आसाकावा नोरिताका या जपानी माणसानं आणून दाखवलेल्या, गोऱ्योनंतरच्या जोसन राजवटीतल्या भांड्यामुळे. 1910 पासून कोरिया जपानच्या ताब्यात होता. सोलचा ग्वांगह्वामुन दरवाजा पाडायचा घाट घातला गेला तेव्हा यानागीनं 1922 मध्ये लेख लिहून उघड विरोध केला. 1924 मध्ये नोरिताकाचा धाकटा भाऊ ताकुमी याच्या साथीनं त्यानं सोलच्या राजवाड्याच्या आवारात कोरियन लोककलेचं संग्रहालय उघडलं. ताकुमीचं थडगं आजही सोलमध्येच आहे. पण याच यानागीनं कोरियन कलेत, तिच्या पांढऱ्या रंगातही, 'दुःखाचं सौंदर्य' पाहिलं आणि ते अनेक कोरियन अभ्यासकांना बोचलं : राज्य करणाऱ्या देशातल्या माणसाला आमच्या पांढऱ्या रंगात दुःखच का दिसावं? यानागी मला फार प्रिय आहे, तरी इथे मला त्या अभ्यासकांचंच पटतं.

चाकण-रांजणगावच्या कारखान्यांमुळे कितीतरी कोरियन कुटुंबं आपल्या पुण्यात राहतात. त्यांच्यापैकी कुणी ही वाटी हातात घेऊन लेबल वाचलं तर त्यांना काय वाटेल, हे मनातून जात नाही.

ताईंना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे वहीत उतरवून घेतलं, 'सांगगाम' हा या भरणीचा कोरियन शब्द दोनदा उच्चारून पाहिला. "पुढची लेबलं छापायच्या आधी तुम्हाला दाखवते, काकू," म्हणाल्या.

तूर्त पाचपैकी चार तारे. सोमवारी दुकान बंद असतं. कार्यशाळेला जाणार असाल तर नखं कापून जा.