वॉरहॉलची ‘इलेक्ट्रिक चेअर’: सहीच्या आधी कडा बघा

अमेरिकन पॉप-आर्ट चित्रकार अँडी वॉरहॉलच्या १९७१ च्या ‘इलेक्ट्रिक चेअर’ या संचात दहा स्क्रीनप्रिंट (ताणलेल्या जाळीतून शाई दाबून छापलेली चित्रं) आहेत आणि दहाही कागदांवर एकच विषय: मृत्युदंडाची रिकामी खुर्ची. मूळ छायाचित्र न्यूयॉर्क राज्यातल्या सिंग सिंग तुरुंगाचं. सोव्हिएत संघासाठी हेरगिरी केल्याबद्दल दोषी ठरलेल्या ज्युलियस आणि एथेल रोझेनबर्ग या अमेरिकन दांपत्याला १९५३ साली तिथेच विजेच्या खुर्चीत देहदंड दिला गेला. वॉरहॉलने साठच्या दशकात हे छायाचित्र कॅनव्हासवर घेतलं होतं. कागदावरचा हा संच झुरिकचे कला-विक्रेते ब्रुनो बिशोफबर्गर यांनी प्रकाशित केला.

रंग मुद्दाम गोड आहेत: गुलाबी, पिवळा, निळा. ज्या प्रिंटमध्ये खुर्ची रंगात जवळजवळ बुडते, ती सगळ्यात भेदक वाटते. आधी नुसता सुंदर रंग दिसतो, मग खुर्चीला बांधायचे पट्टे दिसतात आणि मग आपण काय बघतोय ते कळतं. विकत घ्यायची तर अशीच घ्यावी.

कागद साधारण ९० × १२२ सेंटिमीटर, आणि छपाई थेट कडेपर्यंत. कोरा समास नाही, त्यामुळे हाताळताना बोटं शाईवरच पडतात. कोपऱ्यांवरची शाई उडते, कागद वाकला की चंद्रकोरीसारखी घडी उमटते. विक्रेत्याच्या समोरून काढलेल्या फोटोत यातलं काहीच दिसत नाही. तिरप्या उजेडात काढलेला फोटो मागा. कडा खराब झाल्या म्हणून कोणी कागद कापलेला असू शकतो, तेव्हा चारही बाजू स्वतः मोजा. कापलेली प्रत कितीही स्वच्छ दिसली तरी सोडून द्यावी.

सही पुढे नाही, मागे आहे: बॉलपेनने, सालासह. प्रतीचा क्रमांक रबरी शिक्क्याने उमटवलेला. आवृत्ती २५० प्रतींची, शिवाय कलाकारासाठी राखलेल्या वेगळ्या प्रती, त्यांचे क्रमांक रोमन अंकांत. त्यामुळे फ्रेममधून न काढता सौदा करू नका. भिंगातून बघितल्यावर शाईचा सलग थर दिसायला हवा. चार रंगांच्या बारीक ठिपक्यांची फुलं दिसली तर ते ऑफसेटवरचं, म्हणजे पुस्तकं-पोस्टरं छापतात तशा यंत्रावरचं पुनर्मुद्रण आहे. वॉरहॉलच्या कलाकृतींची खातरजमा करणारं मंडळ २०१२ मध्ये बंद झालं, त्यामुळे त्याचं नवं प्रमाणपत्र आता मिळणार नाही. मालकीची सलग कागदपत्रं आणि वॉरहॉलच्या प्रिंटांची नोंद असलेल्या फेल्डमन-शेलमन सूचीतले क्रमांक (दुसऱ्या विभागात ७४ ते ८३) हाच आधार.

फ्रेम करताना कागद बोर्डावर चिकटवून घेऊ नका. तो पुन्हा सपाट, निर्मळ निघत नाही आणि मागची सही कायमची झाकली जाते. वरच्या कडेला जपानी कागदाच्या पट्ट्या गव्हाच्या खळीने लावून टांगावं. काच अतिनील किरण अडवणारी हवी आणि कागदापासून थोडी दूर, नाहीतर शाई काचेला चिकटते. अशी काच लावली तरी उन्हात ठेवू नये, कारण दिसणाऱ्या प्रकाशानेही रंग उडतात.