विजयाचे थेंब आणि मालिशचं तेल: झोप लागली, पायाची आग तशीच

बेळगावच्या शहापुरात माझं शिलाईचं दुकान. शुगर जुनी, आणि आता रात्री तळपायाची नुसती आग होते. पांघरुणाचा काठ लागला तरी सहन होत नाही. दिवसा याच्या उलट, पाय बधिर. चप्पल निसटून मागं राहते आणि गिऱ्हाईक ओरडतं, "मास्तर, चप्पल!" पायडल किती दाबलंय तेच कळत नाही, मशीन एकदम सुसाट पळते. म्हणून ॲपवरून विजयाचे थेंब आणि मालिशचं तेल मागवलं. कंपनीचं नाव लिहीत नाही.

विजया म्हणजे भांग. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात फुलोऱ्याचा गांजा येतो, नुसतं पान त्या व्याख्येत येत नाही. त्यामुळं पानाच्या अर्काची आयुर्वेदिक औषधं चिठ्ठीवर मिळतात. बायकोला हे पटवताना नाकी नऊ आले. "कुरिअरवाल्याच्या मागनं पोलीस आले तर काय सांगणार हो?" आले नाहीत. खोकं नीट आलं, बाटली फुटली नव्हती.

चिठ्ठी व्हिडिओ कॉलवर मिळते. डॉक्टरांचं हिंदी जेमतेम, माझं कन्नड दुकानापुरतं, तरी भागलं. पण त्यांनी वय विचारलं, दुखणं विचारलं आणि झालं. बाकी गोळ्या कुठल्या चालू आहेत हे विचारलंच नाही. मी रात्री प्रीगॅबालिन ही नसांच्या दुखण्याची गोळी घेतो, तिनंही गुंगी येते. हे मीच सांगितलं तेव्हा कुठं थेंब निम्म्यावर आणले. रक्त पातळ व्हायच्या गोळ्या घेणारा एखादा गप्प बसला असता तर? कॉलला पाचपैकी एक.

थेंब काळपट हिरवे, जिभेखाली धरायचे. चव कडुनिंबाच्या काढ्यात तेल ओतल्यासारखी. झोप मात्र लागते, हे कबूल. आग जात नाही, पण तिच्यामुळं उठून बसायचं कमी झालं.

आता भुकेचं ऐका, कारण हे त्या ॲपवर कुठंच लिहिलेलं नाही. थेंब घेतल्यावर तासाभरात पोटात कावळे ओरडायला लागतात. जेवून उठलेला माणूस मी, आणि हात फडताळातल्या कुंद्याच्या, म्हणजे खव्याच्या मिठाईच्या डब्याकडं जातो! भांगेतल्या टीएचसीनं, म्हणजे नशा आणणाऱ्या घटकानं, भूक खवळते, आणि शुगरवाल्याला रात्री अकराला नेमकं तेच नको असतं. बायकोनं डबा शेजारी नेऊन ठेवला. सकाळी घशाला कोरड पडते ती वेगळीच. शुगर वाढली की काय म्हणून बोट टोचून बघितलं, तर नेहमीएवढीच. रात्री लघवीला उठताना गरगरतं हे सगळ्यात वाईट. पाय आधीच बधिर, त्यात तोल गेला तर हाड मोडायचं. थेंबांना अडीच.

मालिशच्या तेलाला तीन. चोळल्यावर टोचणं कमी होतं, पण त्यात तेल किती आणि बायकोचे हात किती, देव जाणे. पुतणी फार्मसी शिकते, तिनं वाचून सांगितलं की २०२० मध्ये २९ रुग्णांवर सीबीडीच्या (भांगेतलाच, पण नशा न आणणारा घटक) तेलाची चार आठवडे चाचणी झाली, त्यात टोचणं आणि खाज कमी झाली. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियात १६ मधुमेही रुग्णांना गांजाची वाफ दिली. टीएचसी जास्त तितका आराम जास्त, पण तो काही तासांपुरता. पायांचा बधिरपणा गेला असं दोन्हींत कुठं नाही. माझ्या बाटलीवर तर अर्क किती तेवढंच छापलंय. त्यात टीएचसी किती, सीबीडी किती, पत्ता नाही. मग ताडून बघायचं तरी कशाशी?

एवढ्या पैशात आधी रक्तातलं बी-१२ जीवनसत्त्व तपासून घ्या. शुगरची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं घेतली की ते कमी होऊ शकतं, आणि त्यानंही पायांना अशाच मुंग्या येतात. ही तपासणी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सुचवली, ॲपवाल्यांनी नाही.

थेंबांची बाटली संपली की परत मागवणार नाही. तेल मागवीन, सूट असेल तर.

आणि हो, भांगेच्या बियांचं तेल 'हेम्प सीड ऑइल' म्हणून मिळतं, ते हे नव्हे. ते खाण्याचं तेल, टीएचसी-सीबीडी त्यात नावालाच. पायाला तेच चोळायचं असेल तर खोबरेल स्वस्त पडतं.